उदाजीरावांच्या कॉम्प्युटरचं दुखणं

पियुष शिर्के हा कॉम्प्युटरमधला मुलगा, असं देवासला त्याच्या गल्लीत सगळे म्हणत, आणि तो तरी कुणाकुणाचं तोंड धरणार? खरं तर तो इंदूरच्या एका कंपनीत बसून परदेशातल्या हॉटेलांच्या खोल्या नीट बुक व्हाव्यात म्हणून प्रोग्राम लिहायचा. कॉम्प्युटरच्या पोटात काय असतं ते त्यानं कॉलेजात एकदाच पाहिलं होतं, तेही लांबून, कारण पुढच्या बाकावरची मुलं जागची हलायला तयार नव्हती. पण शेजारच्या काकूंचा प्रिंटर अडला की पियुष, मामाच्या दुकानातला कॅमेरा बंद पडला की पियुष. सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर ही दोन वेगळी खाती आहेत हे सांगून सांगून तो थकला आणि शेवटी त्यानं एक सोपा मार्ग काढला. कुणी काही दुरुस्तीला दिलं की तो ते गुपचूप अनीशकडे पोचवायचा. अनीश त्याचा शाळेपासूनचा मित्र, देवासलाच त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. काम अनीशचं आणि शाबासकी पियुषची, अशी ही व्यवस्था बरीच वर्षं सुखानं चालली होती.

ती उघडी पडायची वेळ आली धारला, आणि तीही नेमकी अशा दिवशी की ज्या दिवशी पियुषला जगातली सगळी शाबासकी हवी होती.

तुळशीची लग्नं लागली आणि पुढच्याच रविवारी शिर्के मंडळी घोरपड्यांकडे मुलगी बघायला निघाली. बघायला हे आपलं म्हणायचं. बदनावर गावातल्या एका लग्नात शिवांगी घोरपडे पंगतीत त्याच्या समोर बसली होती, आणि तिनं वाढप्याला हाक मारून तिसऱ्यांदा जिलबी मागितली तेव्हाच पियुषचं ठरलं होतं. तिचं ठरायलाही फार दिवस लागले नाहीत. तेव्हापासून दोघं रोज फोनवर बोलत. दोन्हीकडच्या आईवडिलांना पसंत होतं, पत्रिका जुळत होत्या. राहिलं होतं ते शिवांगीचे आजोबा उदाजीराव यांचं ‘हो’.

उदाजीरावांनी याआधी दोन मुलांना नकार दिला होता. एकानं ताटात वाढलेले गराडू, थंडीतल्या कंदाचे ते तळलेले मसालेदार तुकडे, अर्धे टाकले म्हणून. दुसऱ्याला का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि घरात कुणी विचारलंही नाही. “आबासाहेब नाही म्हणाले की संपलं,” शिवांगीनं फोनवर साफ सांगितलं होतं. “मी त्यांच्या शब्दाबाहेर नाही जाणार, हे तुला आधीच सांगून ठेवते.” तेव्हापासून आबासाहेबांसमोर काय बोलायचं ते पियुष घोकत होता, आणि धारच्या वाटेवर घाटाबिल्लोद मागे पडलं तरी त्याचं घोकणं थांबलं नव्हतं.

घोरपड्यांचं घर धारच्या एका नव्या वसाहतीत होतं, साधं, दुमजली, दारात स्कूटर आणि जास्वंदीची कुंडी. उदाजीराव दारातच उभे होते. मिशी पांढरीशुभ्र, सदऱ्याला कडक इस्त्री, आणि ऐंशीच्या घरातही पाठ ताठ. त्यांच्या आजोबांचे आजोबा धारच्या दरबारात मानकरी होते, स्वतः उदाजीराव तहसील कचेरीतून निवृत्त झाले, पण बसण्या-बोलण्यातला रुबाब काही निवृत्त झालेला नव्हता. “यावं, बसावं,” ते म्हणाले. शिवांगीच्या आईनं गरम गराडू आणले. पियुषनं आपले संपवले, पुन्हा मागून घेतले, तेही संपवले, आणि ताटलीत मसाल्याचा कणही ठेवला नाही. समोर बसलेल्या शिवांगीला हसू आवरेना म्हणून ती पाणी आणायला उठली.

“आपण कॉम्प्युटरमध्ये आहात म्हणे,” उदाजीराव म्हणाले.

पियुषनं तोंड उघडायच्या आत त्याच्या आईनं उत्तर दिलं. “त्याला सगळं येतं. आमच्या गल्लीतला एकही कॉम्प्युटर आजवर त्याच्या हातून सुधारला नाही असं झालं नाही.”

“वा. मग आमचा जरा पाहावा.”

पियुषच्या तोंडचं पाणी पळालं. पण उदाजीराव तोवर उठलेही होते.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत खिडकीशी होता. शिवांगी पाचवीत गेली त्या वर्षी घेतलेला, रंगानं मूळचा पांढरा आणि आता दुधाच्या सायीसारखा पिवळट. त्याच्या शेजारी आरामखुर्चीत शिवांगीची आजी, जमुनाबाई, बसल्या होत्या. त्यांना आता फक्त उजेड-अंधार तेवढा समजायचा. धारला पुण्याचं मराठी वर्तमानपत्र येत नाही, आणि हिंदी पेपर जमुनाबाईंना पेपर वाटत नाही. म्हणून उदाजीराव रोज सकाळी चहा झाला की या कॉम्प्युटरवर पुण्याची वर्तमानपत्रं उघडत आणि अक्षरं चांगली बोराएवढी करून बायकोला मोठ्यानं वाचून दाखवत. फोनवर ते त्यांना जमेना, तिथल्या अक्षरांच्या मुंग्या व्हायच्या. मुलानं नवीन लॅपटॉप आणतो म्हटलं तर आबासाहेब म्हणाले, चालतंय ते टाकायचं कशाला. आणि दिवाळी झाली, तसा तो चालायचा थांबला.

“दिवाळीपासून जगात काय चाललंय ते मला ठाऊक नाही,” जमुनाबाई पियुषच्या दिशेनं म्हणाल्या. “यांना विचारलं तर म्हणतात, काही विशेष नाही. यांना काय विशेष वाटणार?”

“बाजारातला दुकानदार येऊन गेला,” उदाजीराव म्हणाले. “मला म्हणतो, बाबूजी, इसको म्यूजियम में दे दो. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. अहो, इतकी वर्षं हा एकदाही बंद पडला नव्हता. का? तर दर खंडेनवमीला याची पूजा होते. आमच्याकडे आता शस्त्रं म्हणून काय राहिलं, एक तलवार आणि एक हा. दोघांची सारखीच यथासांग पूजा. यंत्राची कदर केली की यंत्र साथ देतं.”

पियुषनं मान डोलावली आणि बटण दाबलं. आत काहीतरी घरघरलं, मग पीं असा लांब आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. पडदा काळाच. सगळं घर त्याच्याकडे बघत होतं, आणि त्याला एवढंच कळत होतं की कानशिलावरून घामाचा ओघळ खाली येतोय.

“मी जरा हात धुऊन येतो,” तो म्हणाला आणि मागच्या अंगणात जाऊन त्यानं अनीशला फोन लावला.

“भिया, पीं-पीं कशी करतोय? लांब, थांबून थांबून?” अनीशनं विचारलं. “मग रॅम आहे, मेमरीची पट्टी. पेले प्लग काढ. मग बाजूचं झाकण खोल. एक लांब पट्टी उभी दिसेल, दोन्हीकडच्या क्लिपा दाबल्या की निघून येईल. तिचे सोनेरी दात खोडरबरानं घास, हलक्या हातानं. मग परत बसव, कट असा आवाज आला पायजे.”

“खोडरबरानं? मजाक करतो का? माझं लग्न अटकलंय इथं.”

“तू सुन तो सही. अन् हात लावायच्या आधी लोखंडाला हात लाव, नायतर तुझ्याच अंगातली बिजली त्याला झटका देईल.”

पियुषनं शिवांगीकडे खोडरबर मागितलं तेव्हा त्याच्या वडिलांनी छताकडे पाहिलं. झाकण उघडल्यावर आत धुळीचं जाड पांघरूण आणि वायरींचा गुंता. तळाशी काहीबाही पडलं होतं, पण पियुषचे डोळे फक्त लांब पट्टी शोधत होते. ती निघाली. सोनेरी दात काळे पडले होते. त्यानं ते जीव मुठीत धरून घासले, पट्टी जागेवर दाबली, कट आवाज आला, झाकण लावून प्लग जोडला, बटण दाबलं. पीं झालं नाही. पडदा आधी राखाडी झाला, मग निळा, आणि मग त्यावर शिवांगीचा शाळेतला दोन वेण्यांचा फोटो उमटला.

पियुषचा जीव भांड्यात पडला. वर्तमानपत्र उघडायला गेलं तर कॉम्प्युटर म्हणाला, हे पान सुरक्षित नाही. उदाजीरावांचा चेहरा उतरला, पण पियुषचा खुलला, कारण हे मात्र त्याच्या खात्यातलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ त्यानं आधीच पाहिलं होतं. तारीख लक्षात ठेवणारा आतला छोटा सेल संपला होता आणि कॉम्प्युटरच्या समजुतीप्रमाणे शिवांगी अजून पाचवीतच होती, म्हणून आजचं पान त्याला खोटं वाटत होतं. त्यानं तारीख बरोबर केली, पान उघडलं, अक्षरं बोराएवढी केली आणि खुर्ची उदाजीरावांना दिली. त्याच्या आईनं विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं. उदाजीरावांनी आत सांगितलं, “मावाबाटी आणा.”

तळलेल्या खव्याची, पाकात मुरलेली मावाबाटी आली. उदाजीरावांनी सावकाश चष्मा पुसला, घसा साफ केला, जमुनाबाई खुर्चीत सावरून बसल्या. “जुन्नरजवळ उसाच्या फडात बिबट्या,” त्यांनी वाचलं, आणि पडदा काळा झाला.

त्यांनी बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला आणि निळा होतो न होतो तोच पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा तर त्यानं निळं व्हायचीही तसदी घेतली नाही. जमुनाबाई म्हणाल्या, “बिबट्याचं काय झालं?”

पियुषच्या हातात मावाबाटीची वाटी तशीच होती. पुन्हा हात धुवायला जाता आलं असतं. पण त्याला त्या म्हातारीच्या चेहऱ्याकडे बघवेना. दिवाळीपासून वाट बघून तिच्या वाट्याला बिबट्याची एक ओळ आली होती. त्यानं वाटी खाली ठेवली.

“आबासाहेब, मला हार्डवेअर नाही येत,” तो म्हणाला. “मी प्रोग्राम लिहितो. हे आतलं मला काहीच नाही पता. मघाशी मी मागे जाऊन मित्राला फोन केला होता, त्यानं बोललं तसं केलं. आमच्या गल्लीतलं पण सगळं तोच सुधारतो.”

त्याच्या आईनं डोळे मिटून घेतले. उदाजीरावांची मिशी हलली नाही, त्यामुळे आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. “मग लावा मित्राला फोन,” ते म्हणाले. “इथंच लावा. मलाही ऐकू दे.”

पियुषनं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला.

“बोल भिया,” अनीशचा आवाज खोलीभर घुमला. “खूश झाला का डोकरा?”

“डोकरा इथंच आहे,” उदाजीराव म्हणाले.

पलीकडून एकदम शाळेत बाईंसमोर काढतात तसा आवाज आला, “नमस्कार, आजोबा.” शिवांगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

पियुषनं झालं ते सगळं सांगितलं. अनीशनं विचारलं, आधी जास्त वेळ चालला आणि मग लगेच लगेच बंद पडत गेला का? तसंच झालं होतं. “मग गरम होतोय,” अनीश म्हणाला. “आत प्रोसेसर असतो, त्याचं डोकं तापलं की जळू नये म्हणून तो आपला आपण बंद होतो. त्याच्या डोक्यावर एक पंखा आहे. झाकण काढून चालू कर आणि पंखा फिरतोय का ते नुसतं बघ, हात नको घालू.”

“आबासाहेब, आज राहू द्या ना,” शिवांगी एकदम म्हणाली. तिचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. “पाहुणे आलेत. मी बघते उद्या.”

“तू काय बघणार? तज्ज्ञ फोनवर बसलेत,” उदाजीराव म्हणाले आणि त्यांनी स्वतःच टॉर्च आणली.

झाकण निघालं, बटण दाबलं. मागचा मोठा पंखा घरघरत होता, त्यामुळे आजवर कुणाला शंका आली नव्हती. पण वायरींच्या खालचा तो लहान पंखा जागच्या जागी हिसके देत होता, फिरत नव्हता. “अटकलंय काहीतरी,” अनीश म्हणाला. “प्लग काढ अन् चिमट्यानं काढ.” शिवांगीच्या आईनं भुवयांचा चिमटा आणून दिला. पियुषनं वायरी बाजूला केल्या, पंख्याच्या पात्यात चिमटा घातला, आणि एक दाणा बाहेर काढून ताटलीत ठेवला. मग दुसरा. मग धुळीच्या गोळ्यासकट चार-पाच. टॉर्चच्या उजेडात तळाशीही तसेच दाणे दिसत होते. तांदूळ होते, आणि ते लाल होते.

“काय निघतंय?” उदाजीराव वाकले.

पियुषनं मान वर केली तर समोर शिवांगी. तिचे डोळे भरून आले होते आणि ती अगदी बारीक मान हलवत होती, नको, नको. त्याला सगळं कळलं नाही, पण एवढं कळलं की हिला हे आजोबांपासून लपवायचंय. आणि तिच्यासाठी काय वाटेल ते करायला तयार असलेल्या माणसानं त्या घटकेला सुचेल ते केलं.

“उंदीर,” तो म्हणाला. “उंदीर असेल, आबासाहेब. ते आणून ठेवतात ना तांदूळ.”

“कुंकू लावून?” उदाजीरावांनी विचारलं.

“मी ठेवू का फोन?” अनीश हळूच म्हणाला.

उदाजीरावांनी एक दाणा उचलून तळहातावर घेतला. तो त्यांनी ओळखला नसता तरच नवल. पण त्यांना एक कोडं पडलं होतं आणि पियुषलाही तेच पडलं होतं. कॉम्प्युटरच्या झाकणाला जाळी होती खरी, पण ती बाजूला. उभ्या वस्तूच्या बाजूला वाहिलेल्या अक्षता आत कशा जातील?

“आबासाहेब, तुम्ही त्याला आडवा ठेवता,” शिवांगी म्हणाली.

“आडवाच ठेवणार. पाटावर तलवार आडवी असते, तिच्या शेजारी हा. शस्त्र उभं करून कुणी पूजतं का?”

“आडवा ठेवला की जाळी वर येते. अन् तिच्या बरोबर खाली हा पंखा आहे.”

आणि मग शिवांगीनं सांगितलं. ती नववीत असताना एका दसऱ्यानंतर कॉम्प्युटर असाच बंद पडायला लागला होता. आबासाहेबांच्या लक्षात यायच्या आत, ते झोपले असताना तिनं भीत भीत झाकण उघडलं आणि अक्षता सापडल्या. तेव्हापासून दर दसऱ्याला आबासाहेब आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला बाहेर पडले की ती झाकण काढायची, रंगाच्या ब्रशानं पंखा झाडायची, तांदूळ गोळा करून तुळशीत टाकायची आणि ते यायच्या आत झाकण लावून ठेवायची. आता ती बाहेरगावी बँकेत नोकरीला होती, आणि या वर्षी बँकेनं तिला दसऱ्याच्याच दिवसांत अहमदाबादला ट्रेनिंगला पाठवलं. दिवाळीत आली तर घर पाहुण्यांनी भरलेलं. आणि काल संध्याकाळी आली तेव्हा आबासाहेब याच खोलीत ठाण मांडून बसलेले.

“मला बोलली का नाहीस?” उदाजीरावांनी विचारलं.

“तुम्ही अक्षता वाहायचं सोडून दिलं असतं. पहिलं फूल तुम्ही माझ्या हातानं वाहायचात त्याच्यावर. मला नव्हतं सोडवायचं ते.”

उदाजीराव आरामखुर्चीच्या हातावर टेकले. इतकी वर्षं त्यांनी गावात ज्याला त्याला सांगितलं होतं, आमचा कॉम्प्युटर पूजेवर चालतो. आणि ही पोर त्यांच्या मागे ब्रश घेऊन उभी होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती. कुणी दुसऱ्यानं हे सांगितलं असतं तर त्यांना अपमान वाटला असता. आता मात्र त्यांना नुसतं भरून आलं, आणि ते लपवायची त्यांना सवय नव्हती कारण तशी वेळच फारशी आली नव्हती.

“आमच्यात घरच्या माणसाचे आभार मानायची रीत नाही,” ते म्हणाले. “पण शिवांगी, आज मी मानतो. माझा मान इतकी वर्षं तू सांभाळलास.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. जमुनाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. पियुषच्या आईनंही पदर शोधला, पण ती ड्रेस घालून आली होती.

मग सगळं घर कामाला लागलं. शिवांगीनं ब्रश आणला, पियुषनं चिमटा धरला, त्याच्या वडिलांनी टॉर्च, आणि अनीशनं देवासहून हुकूम सोडले. पंख्याखालच्या धातूच्या खाचांत हळद आणि धूळ मिळून लगदा झाला होता, तो निघाला. “बाजूला छोटे छोटे डबे उभे असतील,” अनीश म्हणाला. “त्यांची डोकी सपाट आहेत की फुगलीत?” शिवांगी आणि पियुष दोघंही एकदम वाकले आणि त्यांची डोकी एकमेकांवर आपटली. सपाट होती, डब्यांची. “मग नशीबवान आहात, मेन बोर्ड बचावला. प्रोसेसर गार ठेवणारी पेस्ट वाळली असेल, ती मी येऊन लावून देईन. सेल पण बदलून टाकू.” पियुष शिवांगीच्या हाताकडे बघत होता. ब्रश ती इतक्या सवयीनं फिरवत होती की आपल्याला ही मुलगी जिलबीवरून पसंत पडली याची त्याला थोडी लाजच वाटली. पसंत पडायला तिच्यात केवढं तरी होतं आणि ते आत्ता कुठं त्याच्या नजरेस पडत होतं.

बोट लावल्याबरोबर पंखा गरगर फिरला. प्लग जोडला, कॉम्प्युटर सुरू झाला. तारीख पुन्हा मागे गेली होती, ती पियुषनं पुढे आणली. उदाजीराव वाचायला बसले आणि बाकीचे सगळे उभ्यानं त्या कॉम्प्युटरकडे बघत राहिले. बिबट्या वाचून झाला. पुण्यातल्या गुलाबांचं प्रदर्शन वाचून झालं. कुठल्याशा पुलाच्या उद्घाटनाला कोण आलं नाही तेही वाचून झालं. चहाच्या कपांचा तळ दिसला आणि पडदा उजळच राहिला. “पकडला का त्याला?” जमुनाबाईंनी विचारलं. “अजून नाही,” उदाजीराव म्हणाले. “उद्या कळेल.” जमुनाबाईंनी उद्या हा शब्द असा ऐकला, जणू कुणी सणाची सुट्टीच जाहीर केली होती.

उन्हं कलली तशी शिर्के मंडळी निघाली. लग्नाविषयी कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्यानं मनाशी सगळं आठवून पाहिलं. काही येत नाही हे कबूल केलं होतं. उंदरांवर आळ घेतला होता. मित्रानं घरच्या कर्त्या माणसाला डोकरा म्हटलं होतं. गराडू संपवले ही एकच जमेची बाजू होती. शिवांगी दाराआड उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरूनही काही कळत नव्हतं, कारण तिलाच काही कळलं नव्हतं.

उदाजीराव गाडीपर्यंत आले. “एक सांगून ठेवतो,” ते पियुषला म्हणाले. “पूजा मी बंद करणार नाही. तो पाटावर आडवाच राहणार आणि अक्षताही मी वाहणारच. तेव्हा दर दसऱ्याला तुम्ही दोघांनी देवासहून इथं यायचं. मी सोनं द्यायला बाहेर पडलो की आत काय करायचं ते करा. मी विचारणार नाही.”

“हो आबासाहेब, पक्कं,” पियुष घाईघाईनं म्हणाला. निदान दुरुस्तीला तरी बोलावलं, एवढ्यानंही त्याला बरं वाटलं. “मी अनीशला आत्ताच बोलून ठेवतो. तो दुकान बंद ठेवेल त्या दिवशी.”

त्याच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. दाराआडून शिवांगीचा हुंदका आला की हसू, ते नीट समजलं नाही.

“अहो, या मुलाला कुणीतरी समजावून सांगा,” जमुनाबाई दारातल्या ओट्यावरून म्हणाल्या. “अनीशला नाही रे बाळा. आमच्या शिवांगीला घेऊन यायचंय तुला देवासहून.”

पियुषला ते समजायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्याच्या आईनं दोनदा डोळे पुसले. मग तो जागच्या जागी खाली वाकला. खोटं नीट बोलता आलं नाही याबद्दल, खरं बोलायची वेळ आली याबद्दल, खोडरबराबद्दल, अनीशबद्दल, पंख्यात अडकलेल्या एकेका दाण्याबद्दल त्याला कुणाचे तरी उपकार मानायचे होते आणि मराठीत काय म्हणतात ते ऐनवेळी आठवेना. म्हणून त्यानं उदाजीरावांचे पाय धरले ते सोडीचना. आजूबाजूच्या घरांतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली, तेव्हा उदाजीरावांनीच त्याला दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं.

“पुरे आता,” ते म्हणाले. “शेजारीपाजारी विचारतील, तर काय झालं म्हणून सांगू?”

“सांगा,” पियुष म्हणाला, “कॉम्प्युटर सुरू झाला.”